खोडकिडा, भातावरील
भाताच्या पिकाची अतोनात हानी करणारा एक पतंग. याचा समावेश खवलेपंखी (लेपिडॉप्टेरा) गणाच्या क्रँबिडी कुलात करतात. शास्त्रीय नाव स्किर्पोफॅगा इन्सर्ट्यूलस. दक्षिण व आग्नेय आशियातील भातक्षेत्रांत तो सर्वत्र आढळतो. कोकणात, पालघर जिल्ह्यातील सालवड–बोईसर परिसरासारख्या पावसाळी भातशेतीच्या भागांत, त्याचा उपद्रव होतो.

मादीचे पुढील पंख पिवळे असून प्रत्येकावर एक ठळक काळा ठिपका असतो. नर लहान व फिकट तपकिरी असतो. मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालून ती केसांनी झाकते. अळी खोडात शिरून आतील भाग खाते. फुटवे येण्याच्या काळात त्यामुळे मधला पोंगा सुकतो. याला गाभामर म्हणतात. पुढे प्रादुर्भाव झाल्यास दाणे न भरलेल्या पांढऱ्या लोंब्या बाहेर पडतात. याला पळींज म्हणतात. गाभामर झालेले रोप नवे फुटवे देऊन हानी काहीशी भरून काढते. लोंबी वांझ झाल्यावर मात्र उपाय उरत नाही.

वर्गीकरण : फ्रान्सिस वॉकर यांनी १८६३ मध्ये या जातीचे कायलो इन्सर्ट्यूलस व टिपॅनिया बायपंक्टिफेरा अशा नावांनी वर्णन केले. पुढे ती शोएनोबियस वंशात व १९६० नंतर ट्रायपोरायझा वंशात गणली गेली. १९८१ मध्ये लेवानिच यांनी ट्रायपोरायझा हा वंश स्किर्पोफॅगा वंशात विलीन केला. त्यामुळे जुन्या कृषिग्रंथांत हाच कीटक निरनिराळ्या नावांनी आढळतो. उलट, ‘खोडकिडा’ हे नाव केवळ सवय दर्शविते, नाते नव्हे. आफ्रिका व मादागास्करमधील भाताचा पांढरा खोडकिडा (मॅलिआर्फा सेपरेटेला) पायरॅलिडी या वेगळ्या कुलातील आहे. त्याची अळीही खोडातच राहते. परंतु तिच्यामुळे गाभामर क्वचितच होते.

नियंत्रण : कापणीनंतर अळ्या धसकटांत राहतात, म्हणून कापणी जमिनीलगत करून शेत नांगरतात व धसकटे नष्ट करतात. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडल्याने अंडीपुंज निघून जातात. ट्रायकोग्रामा जॅपोनिकम हा परजीवी कीटक अंड्यांचा नाश करतो. कामगंध सापळ्यातील गंध मात्र ठराविक जातीच्याच नरांना आकर्षित करीत असल्याने किडीची अचूक ओळख पटविणे शेतकऱ्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.