'मनावर घेत नाही' म्हणण्याआधी

हॉस्पिटलमधून घरी येऊन तीन महिने होतात. टाके निघालेले असतात, भादरलेले केसही परत आलेले असतात. भेटायला येणारे म्हणतात, "चांगला दिसतोय की आता!" आणि हा चांगला दिसणारा माणूस सकाळचे अकरा वाजले तरी पलंगाच्या कडेला बसून असतो. शर्टाची एक बाही घातलेली, दुसरी तशीच लोंबत. घरच्यांनी रात्री जागवलेल्या असतात, पैसा ओतलेला असतो. एक दिवस कुणाच्या तरी तोंडून निघतंच, "अरे, तू मनावरच घेत नाहीस."

भारतात २०२२ या एका वर्षात ४ लाख ६१ हजारांवर रस्ते अपघात झाल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत १ लाख ६८ हजारांवर माणसं दगावली आणि मृतांपैकी ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची होती. डोक्याला मार लागून जे वाचतात, त्यांची पुढची लढाई घरात होते, आणि तिथे सल्ले देणारे पुष्कळ असतात. त्यांतले काही सल्ले रुग्णाचं थेट नुकसान करतात.

गैरसमज : "आळशी झालाय. इच्छाशक्तीच नाही."

सगळ्यांत जास्त दुखावणारा गैरसमज हा, म्हणून यावर जरा थांबतो. एखादं काम ठरवणं आणि ते सुरू करणं या मेंदूच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सुरुवात करण्याचं काम कपाळामागचा भाग आणि त्याला मेंदूच्या खोल भागांशी जोडणारे मार्ग करतात. डोकं जोरात आपटलं की बऱ्याचदा नेमका हाच भाग दुखावतो. मग "आंघोळ करून घे" म्हटल्यावर माणूस "हो, करतो" म्हणतो, मनापासून म्हणतो, आणि जागचा हलत नाही. गाडीत पेट्रोल आहे, इंजिनही ठीक आहे, स्टार्टर तेवढा लागत नाही, अशी ही अवस्था. डॉक्टर तिला ॲपथी म्हणतात. ती दुखापतीचं लक्षण आहे. तिच्यावरून माणसाचा स्वभाव ठरवू नये.

ॲपथी आणि नैराश्य बाहेरून सारखी दिसतात. नैराश्यात माणूस खचतो, रडतो, स्वतःला दोष देतो. ॲपथीत त्याला फारसं काही वाटतच नाही, चेहरा कोरा राहतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. अमेरिकेत डोक्याच्या दुखापतीमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ५५९ जणांचा वर्षभर पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्या पहिल्या वर्षात ५३ टक्के रुग्णांना कधी ना कधी तीव्र नैराश्याने गाठलं होतं. नैराश्यावर उपचार आहेत. त्यामुळे यातलं काय आहे हे घरी बसून ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि ॲपथी असेल तर? तर इच्छा जागी होण्याची वाट पाहायची नाही. आधी कृती घडवून आणायची, गोडी मागून लागते. चहाचंच बघा. आपल्याला ते एक काम वाटतं. दुखापत झालेल्या मेंदूला ती आठ-दहा कामं असतात : पातेलं घेणं, पाणी मोजणं, गॅस पेटवणं, साखर, पावडर, आलं, फ्रीजमधून दूध काढणं, उकळी येईपर्यंत थांबणं, गॅस बंद करणं, गाळणं. माणूस पाणी ठेवतो आणि पुढची पायरी सुचेना म्हणून ओट्यापाशी उभा राहतो. अशा वेळी ओट्यामागच्या टाईलवर मोठ्या अक्षरांतला, क्रमाने लिहिलेला कागद चिकटवा. सुरुवातीला कुणीतरी शेजारी उभं राहा. हातातून काम काढून घेऊ नका, "आता साखर" एवढंच म्हणा. रोज तीच वेळ, तेच पातेलं, तीच जागा. काही आठवड्यांनी कागदाकडे बघणं कमी होतं. पहिला कप तो तुमच्यापुढे ठेवेल, तेव्हा साखर कमी-जास्त असली तरी प्या.

गैरसमज : "डायरी न् मोबाईलचा अलार्म लावून दिला, तर मेंदू आणखी आळसावेल."

उलट आहे. ब्रिटनमध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी स्मृती आणि नियोजन बिघडलेल्या १४३ जणांना ठरल्या वेळी आठवण करून देणारे पेजर दिले. २००१ च्या त्यांच्या अहवालानुसार, प्रयोग पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामं पार पाडण्यात लक्षणीय सुधारणा झाली. आज तेच काम साधा मोबाईल करतो. औषधाची वेळ, चालायची वेळ, फोन करायची वेळ, प्रत्येकीला वेगळा अलार्म लावा. बायकोने किंवा आईने दहा वेळा सांगण्यापेक्षा यंत्राने सांगितलेलं बरं, नात्यातली कुरबूर तरी टळते.

गैरसमज : "जमेल तेवढं कर, असं म्हणावं, म्हणजे दडपण येत नाही."

हेतू प्रेमळ आहे, पण हे वाक्य फारसं उपयोगी पडत नाही. जर्मनीतले मेंदूमानसतज्ज्ञ झिगफ्रीड गाउगल यांनी मेंदूच्या रुग्णांना सोपी गणितं सोडवायला दिली. ज्यांना नेमकं आणि थोडं कठीण लक्ष्य दिलं होतं, त्यांनी "जमेल तेवढं करा" असं सांगितलेल्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. तेव्हा "थोडं चाल" म्हणण्यापेक्षा "कोपऱ्यावरच्या वाण्याकडून कोथिंबीर आण" म्हणा. लक्ष्य रुग्णाच्या जुन्या आयुष्यातलं असावं. जो माणूस भजनात टाळ वाजवायचा, त्याचा हात रबरी चेंडूपेक्षा टाळ लवकर ओळखतो.

गैरसमज : "मेंदूला मार लागलाय, पूर्ण आराम हवा. पडदे लावा, टीव्ही नको, कुणी भेटायला नको."

सौम्य दुखापतीत, म्हणजे ज्याला कन्कशन म्हणतात त्यात, पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. आता सांगत नाहीत. अमेरिकेत ११ ते २२ वयाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती दिली, दुसऱ्याला एक-दोन दिवसांनी हळूहळू कामाला लावलं. पाच दिवस पडून राहिलेल्यांनी जास्त त्रास सांगितला. २०१९ मध्ये बफेलो विद्यापीठाच्या जॉन लेडी यांनी किशोरवयीन खेळाडूंना त्रास वाढणार नाही इतपत व्यायाम दिला. ते साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसते स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ दिवस लागले. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांचं मतही असंच झालं : पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग हलकं चालणं.

गंभीर दुखापतीचा हिशेब वेगळा. तिथे कधी बसवायचं, कधी उभं करायचं हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. पक्षाघाताच्या दोन हजारांवर रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून चालवण्याची घाई केली, तर उलट परिणाम वाईट झाले. हालचाल औषधासारखी आहे असं धरा, तिलाही मात्रा असते.

मात्रेचा हा मुद्दा घरी आल्यावरही लागू असतो. बरं वाटलं त्या दिवशी माणूस कपाट आवरतो, बँकेत जातो, संध्याकाळी पाहुण्यांशी बोलत बसतो, आणि पुढचे दोन दिवस उठत नाही. घरचे गोंधळतात, "परवा तर सगळं करत होता!" मेंदूच्या दुखापतीनंतरचा थकवा केवळ अंगमेहनतीवर अवलंबून नसतो. गणपतीत घर भरलेलं असतं, आरतीला झांजा वाजतात, चार जण एकाच वेळी बोलतात. हे सगळं ऐकून, गाळून, समजून घेणं मेंदूला कष्टाचंच असतं. त्या दिवशी व्यायाम कमी करा, त्याला मधे अर्धा तास शांत खोलीत जाऊ द्या. थकून कोसळल्यावर विश्रांती देण्यापेक्षा थकण्याआधी दिलेली बरी.

गैरसमज : "सहा महिन्यांत जे व्हायचं ते होतं, पुढे काही नाही."

सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, हे खरं. पण दार बंद होत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गंभीर दुखापत झालेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक वर्षभरात घरी दिवसातले निदान आठ तास कुणाच्या मदतीशिवाय राहू शकत होते. दोन आठवड्यांनीही भान नसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जण वर्षभरात शुद्धीवर आले होते.

वर्षाच्या पुढेही बदल होतात. फिनिअस गेजचं नाव वैद्यकाच्या पुस्तकांत सगळीकडे असतं. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना साडेतीन फुटांची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो वाचला, पण स्वभाव बिघडून कायमचा वाया गेला, असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. पुढचं फार कमी जण सांगतात. १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाड्या हाकत होता. परका देश, परकी भाषा, प्रवासी, घोडे, वेळापत्रक. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांच्या मते, रोजच्या कामाच्या या ठरलेल्या चाकोरीनेच त्याला सावरायला मदत केली असावी. मला हे पटतं.

रशियाच्या झासेत्स्कीला १९४३ मध्ये युद्धात डोक्यात गोळी लागली. वाचणं जवळजवळ गेलं, शब्द आठवेनात. तरी तो वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं लिहीत राहिला आणि हजारो पानं झाली. त्याच्यावर उपचार करणाऱ्या अलेक्सांद्र लूरिया यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. झासेत्स्की पूर्ण बरा कधीच झाला नाही, पण त्याची सकाळ रिकामी नव्हती.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. डोक्यावर दुसरा फटका बसून स्मृती परत येते ती सिनेमात. प्रत्यक्षात दुसरी दुखापत जास्त घातक ठरू शकते, म्हणून मागच्या सीटवर बसतानाही हेल्मेट घाला. सीटी स्कॅन 'नॉर्मल' आला म्हणजे इजा नाही असं नसतं, मेंदूतल्या तंतूंची सूक्ष्म इजा त्यात दिसत नाही. भिजवलेले बदाम खुशाल द्या, पण ते उपचार नव्हेत. आणि फिट येत नाहीत म्हणून फिटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, झटका आला, गुंगी वाढली किंवा एक बाजू लुळी पडू लागली, तर व्यायामाचा विचार सोडून तातडीने हॉस्पिटल गाठा. हे होत नसेल, तर डिस्चार्ज घेतानाच तीन गोष्टी मागून घ्या : फिजिओथेरपिस्टची आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची गाठ, थकवा आणि मनःस्थिती तपासण्याची पुढची तारीख, आणि दिवसभराचं वेळापत्रक, कागदावर लिहून. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही पुनर्वसनाचे विभाग असतात. तिथे आपणहून चौकशी करा, कारण रुग्ण स्वतः करणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.