ओर

ओर : कॅनडात जन्मलेला अमेरिकन गायक-गीतकार अलेक्झांडर 'स्किप' स्पेन्स (१८ एप्रिल १९४६–१६ एप्रिल १९९९) याची एकमेव स्वतंत्र दीर्घध्वनिमुद्रिका. 'ओर' म्हणजे वल्हे. कोलंबिया या संस्थेने ती मे १९६९ मध्ये प्रकाशित केली. तीत बारा गीते असून त्यांतील शब्द, स्वररचना, गायन व सर्व वाद्यांचे वादन एकट्या स्पेन्सचे आहे. सायकेडेलिक लोकसंगीत या प्रकारातील ही एक लक्षणीय कृती समजली जाते.

एलएसडीसारख्या भ्रमोत्पादक द्रव्यांच्या सेवनाने जाणिवेत होणारे पालट संगीतातून सुचविण्याची प्रवृत्ती १९६५ नंतर अमेरिकेत, विशेषतः सॅन फ्रान्सिस्को परिसरात, बळावली. विद्युत् गिटारचा कर्कश नाद, प्रतिध्वनी व लांबत जाणारे वादन ही तिची ठळक लक्षणे होत. हीच वृत्ती साध्या गिटारच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या लोकगीतसदृश रचनांत शिरली, तेव्हा सायकेडेलिक लोकसंगीत निर्माण झाले. त्यात गोंगाटापेक्षा एकांत अधिक असतो.

स्पेन्सचा जन्म ओंटॅरिओतील विंझर येथे झाला. पुढे त्याचे कुटुंब कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथे स्थायिक झाले. मुळात गिटारवादक असूनही 'जेफर्सन एअरप्लेन' या वाद्यवृंदाच्या पहिल्या दीर्घध्वनिमुद्रिकेत (१९६६) त्याने ड्रम वाजविले. नंतर तो 'मोबी ग्रेप' या वृंदाच्या संस्थापकांपैकी एक झाला. या वृंदाची जाहिरात कोलंबियाने इतक्या उत्साहाने केली, की जून १९६७ मध्ये पहिल्या दीर्घध्वनिमुद्रिकेबरोबर पाच लहान ध्वनिमुद्रिका एकदमच बाजारात आणल्या. त्याचा परिणाम उलटाच झाला. त्याच संस्थेने दोनच वर्षांनी ओरच्या बाबतीत दाखविलेले औदासीन्य या पार्श्वभूमीवर डोळ्यांत भरते.

१९६८ मध्ये मोबी ग्रेपचा मुक्काम न्यूयॉर्कमध्ये असताना स्पेन्सचे मानसिक संतुलन ढळले. एलएसडीच्या सेवनानंतरच्या अवस्थेत त्याने आग विझविण्यासाठी ठेवलेली कुऱ्हाड घेऊन हॉटेलातील आपल्या सहवादकाच्या खोलीचे दार फोडण्याचा प्रयत्न केला. त्याला अटक झाली व नंतर बेलव्ह्यू रुग्णालयात सु. सहा महिने ठेवण्यात आले. त्याला छिन्नमानस हा विकार असल्याचे निदान झाले. ओरमधील बरीचशी गीते या रुग्णालयीन काळातील आहेत. सुटका होताच कोलंबियाकडून मिळालेल्या आगाऊ रकमेतून मोटारसायकल घेऊन तो रुग्णालयाच्या कपड्यांतच टेनेसीतील नॅशव्हिलला निघाला, अशी कथा वारंवार सांगितली जाते. न्यूयॉर्क ते नॅशव्हिल हे अंतर सु. १,४०० किमी. आहे, हे लक्षात घेता या कथेतील कपड्यांचा भाग तरी आख्यायिका म्हणूनच घेणे इष्ट.

नॅशव्हिल येथील कोलंबियाच्या ध्वनिमुद्रणगृहात डिसेंबर १९६८ मध्ये थोड्याच दिवसांत हे काम पार पडले. निर्माता डेव्हिड रुबिन्सन स्वतः तेथे गेला नाही. स्पेन्सला मोकळे सोडावे आणि ध्वनिफीत सतत चालू ठेवावी, एवढीच सूचना त्याने ध्वनिमुद्रण-अभियंता माइक फिग्लिओ याला दिली होती. यंत्र तीन ट्रॅकचे होते. अशा यंत्रावर एकाच माणसाने ड्रम, बेस, गिटार आणि आवाज यांचे थर एकावर एक चढवावयाचे, तर अद्याप न वाजविलेले वाद्य मनात ऐकत आधीचे वाद्य वाजवावे लागते. प्रत्येक थराची जागाही अगोदर ठरवावी लागते. ओरकडे एका भ्रमिष्ट मनाचा अनावर उद्गार म्हणून पाहण्याची प्रथा आहे, परंतु या कार्यपद्धतीशी ती फारशी जुळत नाही. गीते विस्कळित वाटतात, ताल मधूनच सैल पडतो, हे खरे. तथापि ज्याचे भान पूर्णपणे सुटले आहे, त्याला असे काम तडीस नेता आले नसते.

प्रत्यक्ष गीते ऐकताना हे अधिक स्पष्ट होते. 'लिटल हॅंड्स' या प्रारंभीच्या गीतात लहान मुलांच्या हातांची प्रतिमा असून त्याचा सूर प्रसन्न व आशावादी आहे. 'क्रिपल क्रीक' मध्ये तोच गायक खर्जातून निघून उंच, पातळ आवाजाकडे जातो. तुरुंगगीत असे उपशीर्षक असलेले 'वेटेड डाउन' अतिशय संथ व खोल स्वरात गायिले आहे. सहा मिनिटांहून अधिक लांबीच्या या गीतात जवळजवळ काहीच घडत नाही आणि तेच त्याचे सामर्थ्य आहे. 'बुक्स ऑफ मोझेस' या गीताला पाऊस व मेघगर्जना यांच्या आवाजांची जोड आहे. याउलट 'लॉरेन्स ऑफ युफोरिया' हे नावापासूनच शब्दच्छलावर उभारलेले विनोदी गीत आहे. स्पेन्सची ही खोडकर बाजू त्याच्या करुण चरित्राच्या आड बहुधा झाकली जाते. अखेरचे 'ग्रे / आफ्रो' नऊ मिनिटांहून अधिक चालते. ड्रम व बेस यांच्या अखंड गजरात आवाज जवळजवळ बुडून जातो. हे गीत सर्वांनाच रुचेल असे नाही.

प्रकाशनानंतर ओरची जाहिरात जवळजवळ झालीच नाही. खप अत्यल्प राहिला आणि वर्षभरातच संस्थेने तिला आपल्या यादीतून वगळले. नंतर तिच्या जुन्या प्रती संग्राहकांत हातोहात फिरत राहिल्या व त्यांतूनच तिची कीर्ती वाढली. स्पेन्सला मात्र त्याचा लाभ झाला नाही. मोबी ग्रेपच्या '२० ग्रॅनाइट क्रीक' (१९७१) मध्ये त्याने कोटो हे जपानी तंतुवाद्य वाजविले. अशा तुरळक सहभागाखेरीज त्याच्या हातून फारसे काम झाले नाही. आजार व मद्यपान यांमुळे त्याचे पुढील आयुष्य कॅलिफोर्नियात उपचारसंस्थांत, काही काळ तर बेघर अवस्थेत गेले. सांताक्रूझ येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने तो मरण पावला. त्रेपन्नावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

त्याच वर्षी ओरची वाढीव आवृत्ती निघाली. तिच्या गीतांचा 'मोर ओर' हा गौरवसंग्रहही प्रसिद्ध झाला. त्यात रॉबर्ट प्लांट, टॉम वेट्स, बेक इ. गायकांनी भाग घेतला. २००९ मध्ये बेकने सहकाऱ्यांसह संपूर्ण ओर नव्याने गायिली. २०१८ मध्ये 'अँडओरअगेन' या तीन तबकड्यांच्या संचात नॅशव्हिल येथील पूर्वी अप्रकाशित राहिलेले पुष्कळ ध्वनिमुद्रण उपलब्ध झाले. एकाच गीताची निरनिराळी रूपे त्यात आढळतात, त्यामुळे स्पेन्स आपली गीते कशी घडवीत होता हे ताडून पाहता येते.