पायांनी ऐकणारी माणसं

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत विसर्जनाच्या दिवशी समुद्राकडे निघालेली कुठलीही मिरवणूक बघा, तिच्याबरोबर दोन तऱ्हेचे परीक्षक हमखास असतात. एक मागे गुलालात नाचणारे आणि दुसरे घराच्या ओटीवर खुर्ची टाकून बसलेले. नाचणाऱ्यांचा निकाल पायांतून लागतो. ठेका बसला नाही की पाय रेंगाळतात आणि माणसं मोबाइल काढतात. ओटीवरचा निकाल तोंडी असतो. ‘नुसता धांगडधिंगा’, ‘तासा चांगला होता हो, ढोलांनी त्याला दाबून टाकलं’, ‘सनई नाही तर वाजवता कशाला?’ अपील कुठेच नाही.

गेल्या काही वर्षांत या दोघांत तिसऱ्याची भर पडली आहे. शिवजयंतीला किंवा गणपतीच्या आगेमागे ढोल-ताशा पथकांच्या स्पर्धा भरतात, तिथे मंचावर बसलेला, हातात गुणपत्रिका असलेला हा माणूस. ताल, लय, शिस्त, वेशभूषा, ध्वज नाचवणं अशा रकान्यांत तो गुण मांडतो. या तिसऱ्या माणसाचं आणि पहिल्या दोघांचं फारसं जमत नाही, आणि मला मौज वाटते ती त्याचीच.

त्यासाठी आधी या किनाऱ्याच्या कानाला काय सवय आहे ते बघायला हवं. दक्षिण रायगडात, म्हणजे महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात, वाद्य म्हटलं की खालूबाजा. सनई, ढोल, टिमकी, झांज आणि ती वाजवणारी मोजकी माणसं. शिमग्यात पालखी निघाली की तिच्यापुढे खालूबाजा, लग्नात तोच आणि गणपती पोचवायलाही तोच. वादक उभ्या उभ्या वाजवत नाहीत. वाजवता वाजवताच फेर धरतात, गिरकी घेतात, ढोल अंगावर असताना गुडघ्यात वाकून उठतात. महाडच्या वीरेश्वराचा छबिना महाशिवरात्रीच्या सुमाराला भरतो. आसपासच्या गावांच्या पालख्या येतात, सासणकाठ्या नाचतात. तिथे ढोलवाल्याची नजर कुठे असते ते पाहण्यासारखं आहे. काठी पेलणारा तोल सावरत असेल तोवर टिपरू हलकं पडतं, त्याची मांड पक्की झाली की ठेका उचलला जातो. वादक नाचणाऱ्याच्या दमाप्रमाणे वाजवतो. सगळं वादन या एका गोष्टीवर उभं आहे आणि गुणपत्रिकेत नेमका तिच्यासाठी रकाना नसतो.

उत्तरेकडे अलिबाग, पेण, उरण, पनवेल भागात आगरी-कोळी लग्नांत आणि नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत ब्रास बँड आला, मग बेंजो आला. बेंजो म्हणजे आपला बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य १९१२ मध्ये जपानातल्या नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतोचं वंशज. तिथून ते कोळीवाड्याच्या हळदीत येऊन बसलं, ही एक वेगळ्याच लेखाची गोष्ट आहे. रवी जाधव यांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट २०१६ साली आला, तेव्हा शहरातल्या लोकांना या पार्ट्या नव्याने दिसल्या. किनाऱ्यावर त्या केव्हाच्या घरच्या झाल्या होत्या. बेंजोवर कोळीगीत वाजू लागलं की सत्तरीची बाई पदर खोचून पुढे येते. तिला स्पर्धेत कोण पहिला आला याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आणि मग आलं पथक. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी ढोल-ताशाला शिस्त लावली, गणवेश दिला, ओळी बांधल्या. पुढे चाळीस-पन्नासपासून काहीशे वादकांपर्यंतची पथकं उभी राहिली. पांढरे झब्बे, कमरेला ढोल, पुढे ताशे, मध्ये टोल, बाजूला भगवे ध्वज. ताशावर काड्यांची तर्री घुमते, उचल मिळते आणि शंभर टिपरी एकदम पडतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतोच, हे नाकारायचं कारण नाही. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेली इकडची पोरं ते शिकून आली आणि रायगडातही पथकं निघाली. डीजेच्या भिंतींनी वैतागलेल्या गावांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं.

कुरकुर सुरू झाली ती नंतर, आणि तिच्यात तथ्य आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याला दोन्ही बाजूंनी इमारती आहेत. तिथे आवाज भिंतींवर आपटून परत येतो, साठ ढोलांचे दीडशे वाटतात. रेवदंड्याच्या किंवा नागावच्या पाखाडीत दोन्ही बाजूंना गडगे आणि त्यामागे सुपारीच्या वाड्या. वाट इतकी अरुंद की चार ढोल शेजारी शेजारी चालले की पाचव्याने वाडीतून यावं. पथकाची रांग इथे लांबते. पुढच्या ताशाचा इशारा शेवटच्या ढोलापर्यंत उशिरा पोचतो आणि ठेक्याला शेपूट फुटतं. तीच मिरवणूक वाळूवर उतरली की उलट गंमत. समोर लाटा, अंगावर वारा आणि आवाज परत पाठवायला एकही भिंत नाही. शंभर ढोलांची गाज लाटांच्या गाजेत मिसळते आणि दूरवर ऐकू येते ती एखादी सनई. तिचा उंच, टोकदार सूर लाटांच्या वरून निघून जातो. म्हाताऱ्यांचा सनईचा हट्ट निव्वळ आठवणींपोटी नाही. या जागेला तेच वाद्य शोभतं.

पानाचीही तक्रार असते. ढोलाचं पान पूर्वी चामड्याचं असायचं. भाद्रपदातल्या कोकणच्या दमट हवेत चामडं ओलावा धरतं, सैल पडतं आणि ढोल बसका बोलू लागतो. मग दोऱ्या ताणा, शेकोटीजवळ धरा, पाऊस आला की ताडपत्रीखाली पळा. फायबरच्या पानाने हा व्याप संपवला. पावसात वाजवा, काही होत नाही. पण ऐकणारा म्हणतो, पत्र्यासारखा वाजतो, गाभ्यातून बोलत नाही. वाजवणारा म्हणतो, तुम्ही या आणि भर पावसात चामडं ताणून दाखवा. दोघांचंही बरोबर आहे. तिकडे त्रिनिदादमध्ये एकोणिसाव्या शतकात गिरमिटिये मजूर ताशा घेऊन गेले, तिथेही त्याच्या स्पर्धा होतात आणि मातीचा, शेकोटीवर तापवलेला ताशा बरा की नटबोल्टाने ताणलेला, हा वाद तिथेही आहेच.

‘वाजवतात कमी, दाखवतात जास्त’ हा आरोप मात्र सगळ्यात जुना आणि सगळ्यात व्यापक. अमेरिकेत ‘ड्रम कोअर’ नावाचा प्रकार आहे. पितळी वाद्यं, ढोल आणि झेंडे घेऊन तरुणांचे ताफे फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा कार्यक्रम करतात. मूळ परंपरा माजी सैनिकांच्या संघटनांच्या पथकांची. १९७२ पासून त्यांची राष्ट्रीय स्पर्धा होते. शंभरपैकी गुण आणि तेही दशांश चिन्हाच्या पुढे मोजलेले. तिथल्या रसिकांची भांडणं ऐकली तर आपण चौलच्या जत्रेत उभे आहोत असं वाटावं. २००४ मध्ये ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली, २००९ मध्ये सिंथेसायझर आला आणि जुने लोक तेव्हापासून ‘हे आमचं नव्हे’ म्हणतात. तिथली १९९३ ची कथा मला फार आवडते. स्टार ऑफ इंडियाना या ताफ्याने बार्बर आणि बार्टोक यांचं अवघड, कर्कश वाटणारं संगीत घेतलं. नेहमीचा गणवेशी थाट आणि टाळ्यांच्या जागा जवळजवळ काढून टाकल्या. प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो उडवली. अंतिम फेरीत हा ताफा अवघ्या ०.१ गुणाने दुसरा आला आणि त्यानंतर स्पर्धेतूनच बाहेर पडला. त्याच मंडळींनी पुढे ‘ब्लास्ट!’ नावाचा रंगमंचीय प्रयोग उभा केला, २००१ मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. ज्या कार्यक्रमाला हुर्यो मिळाली तो आज त्या क्षेत्रातले लोक काळाच्या पुढचा म्हणून सांगतात.

म्हणजे प्रेक्षक चुकतो का? तिथे चुकला असेल. पण तो खुर्चीत बसलेला प्रेक्षक होता, तिकीट काढून आलेला. त्याच्यापुढे नवं मांडलं तर आवडून घ्यायला त्याच्यापाशी वेळ होता. आपला श्रोता मिरवणुकीत चालतो आहे. त्याच्या डोक्यावर पाटावरचा गणपती आहे, मागे बायकापोरं आहेत आणि भरती-ओहोटीची वेळ गाठायची आहे. कोकणात घरोघरचे गणपती एकत्र निघतात, सार्वजनिक मंडळाचा एकच मोठा नसतो. अशा वेळी पथकाने चौकात थांबून वीस मिनिटं स्थिरवादन मांडलं, ध्वजांचं रिंगण केलं, शिवगर्जना दिली की मागची रांग तिष्ठत राहते. वादन सुरेख असतं आणि तरीही लोक वैतागतात.

वादकांच्या संख्येचा मोह हाही याच दाखवण्याचा भाग. पुण्यात एका पथकात तीसच वादक असावेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला आणि १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बातमी आली तेव्हा इकडच्या पथकांतही आनंद झाला. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, ती कुठलंही पथक पहिल्याच टिपऱ्याला ओलांडतं, हा मुद्दा बाजूला ठेवू. नुसत्या कानाच्या दृष्टीने बघितलं तरी आठ ढोलांत प्रत्येकाचा हात वेगळा ऐकू येतो. ऐंशी झाले की उरतो तो एक धक्का. छातीला तो बरा वाटतो, पण बारकावा बुजतो. मला विचाराल तर पाखाडीतून जाताना बारा ढोल आणि चार ताशे पुष्कळ झाले.

एका बाबतीत मात्र पथकाला पूर्ण गुण द्यायला हवेत. त्याच्यामुळे मुलींच्या कमरेला ढोल आला. खालूबाजात बाईमाणूस दिसत नसे. आता श्रीवर्धनच्या रस्त्यावर कॉलेजातली मुलगी ताशाची तर्री काढते आणि ओटीवरच्या आजीबाई, ज्या बाकी सगळ्याला नाकं मुरडतात, त्या मात्र उठून बघायला येतात. दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. वाजंत्री म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्यांना सुपारी मिळायची, पण पंगत वेगळी असायची. गावकीचं वाजवणं अनेकांनी स्वाभिमानाने सोडलं, ते योग्यच केलं. आज इंजिनिअर ढोल बांधतो तेव्हा त्याच्यावर फुलं पडतात आणि शेजारी सनई फुंकणाऱ्याचं नाव पत्रिकेतसुद्धा नसतं. स्पर्धेच्या बक्षिसाची रक्कम ठरवताना एवढं तरी कुणाच्या मनात यावं.

माझं म्हणणं साधं आहे. रायगडच्या किनाऱ्यावर स्पर्धा घ्यायची तर ती मैदानात मंचासमोर घेऊ नये. देवळापासून निघावं, पाखाडीतून जावं, वाळूवर संपावं. थांबायला बंदी. प्रत्येक पथकाबरोबर सनई हवीच आणि ढोल-ताशे मिळून सोळाच्या वर नकोत. एक परीक्षक ओटीवर बसवावा, एक वाळूवर, आणि निम्मे गुण मागे नाचणाऱ्यांच्या पायांना द्यावेत. आयोजकांशी हे बोलून झालं आहे. त्यांची अडचणही खरी आहे: पाखाडीत स्पॉन्सरचा बॅनर लावायला जागा नाही.