आरशातला हात

अर्धांगवायूने हात लुळा पडतो, तेव्हा बिघाड हातात नसून मेंदूत असतो. माझ्या आजोबांचा डावा हात असाच आहे. आम्ही टेबलावर दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा धरतो. डावा हात आरशामागे. आजोबा उजवी मूठ उघडतात, मिटतात आणि आरशात बघतात. डावाच हात हलतोय असं वाटतं! हा भास मेंदूला हालचाल पुन्हा शिकायला मदत करतो. अमेरिकेत डॉ. रामचंद्रन यांनी आधी हात गमावलेल्यांसाठी आरसा वापरला. १९९९ साली अर्धांगवायूच्या ९ रोग्यांवरच्या प्रयोगाची माहिती छापून आली. ही जादू नव्हे. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. डॉक्टरांना विचारून रोज सराव करावा. तुमच्या घरी असा रोगी असेल, तर आरसा धरायला तुम्ही बसा.

– इयत्ता सातवी