डोळ्यातील ‘कोंडा’ आणि त्वचेतील खुणा

हिंगोली असो वा नागपूर, मोतीबिंदूच्या तपासणीत एखाद्या ज्येष्ठाच्या बाहुलीच्या कडेवर नेत्रतज्ज्ञांना पांढरट, कोंड्यासारखे कण आढळतात. ही ‘एक्स्फोलिएशन सिंड्रोम’ या विकाराची खूण होय. फिनलंडचे डॉ. जॉन लिंडबर्ग यांनी १९१७ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले.

हे कण म्हणजे भिंगाच्या आवरणाची सुटलेली साल, असा पूर्वी समज होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते सूक्ष्म तंतूंचे गुंते असल्याचे दिसले. ऊतींना लवचिकता देणाऱ्या तंतूंची जडणघडण बिघडल्याने ते साचतात. वरकरणी निरोगी त्वचेतही लवचिक तंतूंलगत तसेच पुंजके असतात, हे १९९०च्या दशकात स्पष्ट झाले. हृदय व फुफ्फुसांतही ते सापडले. म्हणजेच हा विकार केवळ डोळ्याचा नाही. २००७ मध्ये ‘एलओएक्सएल१’ या जनुकाशी त्याचा संबंध उघड झाला. लवचिक तंतूंच्या जोडणीस लागणारे विकर याच जनुकामुळे तयार होते.

त्वचेतील बदलांचा सहसा त्रास होत नाही. डोळ्यात मात्र धोका असतो. द्रव बाहेर नेणाऱ्या जाळीत हे कण अडकले की दाब वाढतो आणि काचबिंदू होऊ शकतो. त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. भिंग तोलून धरणारे धागे कमकुवत होतात, बाहुलीही पुरेशी मोठी होत नाही. त्यामुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जोखमीची ठरते.

निदानासाठी त्वचेचा तुकडा काढावा लागत नाही. औषधाने बाहुली मोठी करून ‘स्लिट लॅम्प’खाली भिंग पाहिले की पुरते. वाढत्या वयात ही तपासणी आणि डोळ्याच्या दाबाची मोजणी टाळू नये.