कढत पाणी आणि अंगावरची चरबी

श्रोतेहो, सकाळी अनशापोटी कढत पाणी घ्या म्हणजे पोटाची चरबी वितळते, असे पुष्कळ जण सांगतात. डहाणू रोडच्या बाजारात ऐका, नाहीतर तलासरीच्या एस.टी. थांब्यावर, कोणी त्यात लिंबू-मध घालतो, कोणी गवती चहा उकळून पितो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा 'वितळते' शब्द जरा तपासून पाहू या.

शिक्षकांना वर्गात करता येईल असा एक प्रयोग आहे. थंडीत खोबरेल तेल गोठते. ती बाटली तराजूत तोला, मग उन्हात ठेवा आणि तेल पातळ झाले की पुन्हा तोला. वजन तेच भरेल! वितळले म्हणजे नाहीसे झाले, असे नाही. शिवाय आपल्या अंगाची ऊब ३७ अंश. तेवढ्या उबेत चरबी मुळातच मऊ असते. प्यालेले पाणी कढतपणे तिच्यापर्यंत जातही नाही. जठरात थोडा वेळ राहिले की ते अंगाइतकेच कोमट होते.

उष्णतेचा हिशेब तर उलटाच निघतो. ५७ अंशांचे एक लिटर पाणी निवताना शरीराला सुमारे २० उष्मांक देऊन जाते. शरीराचा खर्च काही होत नाही. १७ अंशांचे गार पाणी प्यालात तर ते तापवायला तेवढेच २० उष्मांक लागतील, म्हणजे एका लहान चमच्यातल्या साखरेइतके.

मग चरबी जाते कोठे? ती प्राणवायूत हळूहळू जळते. १० किलो चरबी जळाली तर सुमारे ८.४ किलो कर्बवायू होऊन श्वासावाटे बाहेर पडते, बाकीचे पाणी होते. ती जळावी यासाठी खाणे खर्चाहून कमी हवे, एवढेच.

तरीही कढत पाण्याने वजन उतरलेली माणसे भेटतात, आणि ती खोटे बोलत नाहीत. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे साखरेचेच २०० उष्मांक झाले. त्या जागी नुसते पाणी आले, तर किलोभर चरबीचे साडेसात हजार उष्मांक सव्वा महिन्यात वाचतात. हा कागदावरचा हिशेब. शरीर इतके सरळ चालत नाही, पण दिशा हीच. जेवणाआधी कुळथाचे पातळ कढण घेतले तरी पोट भरल्यासारखे वाटून एखादी भाकरी कमी जाते.

मध मात्र साखरच समजावा. चरकसंहितेत स्थूल माणसाला मध सांगितला आहे खरा, पण मध उष्ण करून घेऊ नये असेही तीच संहिता बजावते. तेव्हा कढत मधपाण्याला आयुर्वेदाचा दाखला जरा जपूनच द्यावा! आणि कढत म्हणजे तोंड भाजेल इतके नको. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केले. बशीत ओतून पिणारे आपले म्हातारे शहाणेच म्हणायचे.

आता पाड्यावरची गोष्ट. तेथे पुष्कळ घरांत काळजी उलटी असते: पोराचे वजन वाढेल कसे? अशा पोराला सकाळी कोरा चहा दिला की भूक मरते, आणि चहातला तुरटपणा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. गरोदर बाईलाही जेवणाबरोबर चहा नको. आधी किंवा नंतर तासभर अंतर ठेवावे.

चुलीवरची पेज एकच असू द्या. वजन उतरवायचे आहे त्याने वरचे निवळ पाणी प्यावे. पोराच्या वाटीत तळची दाट शिते, त्यात शिजलेली डाळ आणि चमचाभर तेल. आणि शिक्षकहो, महिन्याच्या वजनात एखादे मूल घटलेले दिसले, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला घरच्यांना त्याच आठवड्यात सांगा.