राजा सोळाचा, हाडं तिशीची?

इंग्लंडचा राजा एडवर्ड १८ मार्च ९७८ च्या संध्याकाळी कॉर्फ इथे मारला गेला. गादीवर बसून तीन वर्षंही झाली नव्हती. वय जेमतेम सोळा. वडील एडगर वारताच सरदारांत दोन तट पडले होते. सावत्र भाऊ एथेलरेडला भेटायला गेलेल्या एडवर्डला एथेलरेडच्याच माणसांनी घोड्यावर गाठलं. शिक्षा कोणालाच झाली नाही. गादी एथेलरेडला मिळाली.

वेअरहॅमला घाईघाईत पुरलेला देह पुढे शाफ्ट्सबरीच्या मठात नेला आणि एडवर्ड संत ठरला. १५३९ मध्ये मठ बंद झाला, अस्थी नाहीशा झाल्या. १९३१ मध्ये तिथल्या अवशेषांत शिशाच्या पेटीत हाडं सापडली. १९७० मध्ये डॉ. थॉमस स्टोवेल यांनी निर्वाळा दिला: तरुण पुरुष, आणि मोडलेली हाडं घोड्यामागे फरफटत गेल्याच्या कथेशी जुळतात.

पण ही फरफट आली कुठून? खुनानंतर पाव शतकाने लिहिलेल्या वृत्तांतात राजा वार बसताच घोड्यावरून उतरतो आणि कोसळतो. रिकिबीत पाय अडकून फरफटणारा राजा भेटतो तो बाराव्या शतकातल्या विल्यम ऑफ माम्सबरीच्या इतिहासात. दीडेकशे वर्षांनंतरच्या कथेशी हाडं जुळली, तर त्याला पुरावा कसं म्हणायचं? शिवाय ओलं हाड गुळगुळीत, तिरकस मोडतं आणि वाळलेलं खडबडीत, ठिसूळपणे. हा फरक आधी पाहावा लागतो, कारण पुरलेली हाडं मातीच्या भारानेही मोडतात.

वय मात्र असं कथेप्रमाणे वाकत नाही. वाढत्या वयात लांब हाडांची टोकं मधल्या दांड्यापासून कूर्चेच्या पट्टीने वेगळी असतात. एकेक पट्टी ठरावीक वयात हाडात मिसळते: कोपराची आधी, मनगटाची साधारण विशीच्या आसपास, हासळीच्या आतल्या टोकाची सर्वांत शेवटी, पंचविशीच्या पुढेमागे. सोळाव्या वर्षी यातल्या कित्येक पट्ट्या उघड्याच असायला हव्यात. नंतरच्या तपासणीत ही हाडं विशीच्या अखेरच्या किंवा तिशीच्या सुरुवातीच्या माणसाची ठरली. ते खरं असेल, तर हा एडवर्ड नव्हे.

कार्बन कालमापनाने फार तर शतक कळेल, नाव नाही. मालकीच्या वादामुळे वोकिंगच्या एका बँकेच्या तिजोरीत काही काळ राहिलेल्या या अस्थी आता ब्रूकवुडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये संत एडवर्डच्या म्हणून पुजल्या जातात.